कलम तुटतं, झाड तेच राहतं

“ताई, यात्रेला जायाला आधार कार्ड कशाला लागतंय ओ?”

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. कराडला आमच्या बायकांच्या केंद्रात दर मंगळवारी दुपारी मी बसते. केंद्र म्हणजे काय, तर एका मैत्रिणीच्या घराची पुढची खोली, एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ. सासूशी पटत नाही इथपासून नवरा घर सोडून गेला इथपर्यंत सगळ्या तक्रारी तिथे येतात. पण हा प्रश्न नवा होता.

विचारणारी पस्तिशीची. माहेर पाटण तालुक्यातलं, सासर इथलंच. भाड्याच्या दोन खोल्या, पदरात दोन मुली, नवरा पाठीच्या दुखण्याने दीड वर्ष घरी बसलेला. ही ब्लाउज शिवून घर चालवते. आदल्या रात्री भावाचा फोन आला होता. “आक्का, यात्रेला ये. पोरींना घिऊन ये. आन् येताना तुझं आधार कार्ड आन् दोन फोटो तेवढं आण.” हसत हसतच सांगितलं तिने, पण उत्तर तिला माहीत होतं हे मला दिसत होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. हिला हक्कसोडपत्रावर सहीला बोलावलं होतं.

मला मात्र हसू आलं नाही. असंच एक बोलावणं मलाही आलं होतं, २००८ साली. यात्रेचं नव्हे, आंब्यांचं.

तिचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं. त्या शब्दाशिवाय मला माझीही गोष्ट नीट सांगता येणार नाही. तो शब्द म्हणजे कलम.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. आमच्याकडे आंब्याच्या झाडाला कुणी झाड म्हणतच नाही. कोयीपासून आपोआप उगवलेला तो रायवळ आणि बांधून लावलेलं ते कलम. “यांची किती कलमं आहेत?” असं विचारलं की बागेत किती आंबे आहेत ते कळतं आणि मुलाची ऐपतही कळते! लग्न ठरवताना आमच्याकडे हा प्रश्न हमखास असतो.

लहानपणी मला वाटायचं, हापूसची कोय पुरली की हापूस उगवतो. पण तसं होत नाही. कोयीतून येणारं झाड त्याच्या मर्जीचं. फळ आंबट निघेल, चोथ्याचं निघेल, क्वचित गोडही निघेल. हापूसच हवा असेल तर हापूसच्या झाडाची काडीच घ्यावी लागते आणि ती रायवळच्या रोपावर बसवावी लागते. खालच्या रोपाला म्हणायचं खुंट, वरच्या काडीला कलमकाडी.

आमचे बाबा पावसाळ्यात अंगणात बसून कोय कलमं बांधायचे. जून-जुलैत रायवळच्या कोयी रुजून वर येतात. दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, देठ कोवळा. तेवढ्यातच काम करायचं, एकदा पान हिरवं झालं आणि देठ जून झाला की कलम धरत नाही. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, टोकाची, रोपाच्याच जाडीची. ती तोडायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळे फुगतात. मग रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची, काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत अलगद बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. चाकूला धार हवी आणि हाताला घाई नको. सालीला साल जुळली पाहिजे. मधे माती गेली, पाणी गेलं की संपलं.

मी सातवीत असताना बाबा म्हणाले, “तुझी बोटं बारीक आहेत, बांध बघू.” मी पाच बांधली. चार दगावली, एक लागलं. पंधरा-वीस दिवसांनी त्या काडीच्या डोळ्यातून तांबडा कोंब बाहेर आला तेव्हा मी शाळेला दांडी मारून त्याच्याजवळ बसले होते. पुढल्या पावसाळ्यात ते बागेच्या कडेला, गडग्याजवळ लागलं. बाबांनी स्वतः खड्डा काढला, पण माती मला लोटायला लावली. भाऊ त्याला ‘ताईचं कलम’ म्हणायला लागले आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं.

कलम लावलं म्हणजे झालं असं नसतं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पट्टी वेळेवर सोडायची, नाहीतर खोड वाढतं आणि तीच पट्टी त्याच्यात रुतते. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी खुडायचा, म्हणजे झाडाला अंग धरू द्यायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जोडाच्या खालून खुंटाला फुटवे येतात ते दिसले की काढायचे. नाहीतर रायवळ जोर धरतो, वरची काडी सुकून जाते आणि मालक पाच वर्षांनी म्हणतो, अरे, हापूस लावला होता, हे काय आलं!

माझे आजोबा मात्र कोय कलम मानत नसत. त्यांचं भेट कलम. हा शब्दच मला फार आवडतो. त्यात काडी आधी तोडायचीच नाही. रायवळचं रोप कुंडीत वाढवायचं आणि ती कुंडी उचलून हापूसच्या झाडापाशी न्यायची. फांदी उंच असेल तर खाली मांडव घालून त्यावर कुंडी ठेवायची. दोघांची साल थोडी तासायची, भेट घालायची, बांधायचं आणि दोन-तीन महिने थांबायचं. तेवढ्या काळात फांदीला तिच्या झाडाचाही रस मिळतो आणि रोपाचाही मिळू लागतो. जोड धरला याची खात्री झाली की मग फांदी तोडायची, तीही एकदम नाही. आधी अर्धा काप, काही दिवसांनी पुरा. आजोबा म्हणायचे, “एका घावात तोडली तर फांदी दचकते.”

२००१ साली माझं लग्न झालं. कोकणातली मुलगी घाटावर दिली. कुंभार्ली घाट चढताना आई माझ्या मावशीला म्हणाली होती म्हणे, “कलमच केलं पोरीचं.” मुलीला भाताच्या रोपाची उपमा सगळेच देतात, इथलं उपटून तिथे लावलं म्हणून. पण भाताचं रोप मुळांसकट जातं. मुलगी तशी जात नाही. तिची मुळं इथेच राहतात आणि तिला दुसऱ्याच्या मुळांवर जगायचं असतं. आईची उपमा जास्त खरी होती. माझं तर कोय कलमच झालं. कांदेपोहे मार्चमध्ये, लग्न मेमध्ये, जूनमध्ये मी इथे चुलीपुढे. भाषा वेगळी, भाकरी वेगळी, आमटीत गूळ घातला म्हणून हसणारी माणसं वेगळी. भेट कलमासारखं दोन्हीकडचा रस मिळत मिळत रुळायला मिळालं असतं तर किती बरं, असं त्या पहिल्या पावसाळ्यात फार वाटायचं. आजही नव्या सुनेला पहिल्या वर्षी “माहेरी फार जाऊ नको, मन लागणार नाही” म्हणणाऱ्या सासवा भेटल्या की मी त्यांना आजोबांच्या मांडवावरच्या कुंडीची गोष्ट सांगते.

पण आपण बायका त्या उपमेत एक गोष्ट विसरतो. फळ कुणाचं येतं? खुंटाचं नव्हे, काडीचं. पाणी, खत, आधार सगळं खुंट देतो, त्याचं मोल आहेच, त्याच्याशिवाय काडी दोन दिवस जगणार नाही. पण आंबा हापूसच येतो. आज माझ्या सासरी गणपतीला उकडीचे मोदक होतात आणि माझ्या सासूबाई शेजारणींना ते ‘आमच्याकडचे’ म्हणून सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते. अशी प्रत्येक घरातली सून आपला काहीतरी वाण घेऊन आलेली असते.

आता या शब्दाचा दुसरा अर्थ. कलम म्हणजे लेखणी. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात ती बोरूची लेखणी. बोरू तोडायचा, चाकूने त्याचं टोक तिरकं तासायचं आणि शाईत बुडवायचं. आंब्याची काडीही तोडायची आणि टोक तासायचं. म्हणजे माळ्याच्या हातातली आणि कारकुनाच्या हातातली, दोन्ही कलमं चाकूनेच तयार होतात! आपल्या मराठीत लेखणी हा शब्द जास्त चालतो, पण कलमदान, कलमबहाद्दर, कलमकसाई या शब्दांतून कलम अजून जिवंत आहे. कलमकसाई म्हणजे लेखणीच्या एका फटक्याने दुसऱ्याचा संसार कापणारा. काय नेमका शब्द आहे!

बाईच्या हाती कलम गेलं की काय होतं, हे सांगायला आपल्याकडे एकच गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ‘ध’चा ‘मा’ केला, अशी ती दंतकथा. शाळेतल्या पोरालाही ती पाठ असते. पण १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं, हे किती जणींना माहीत आहे? सुरतेच्या एका विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवर चिखलफेक झाली, तेव्हा ताराबाईंनी चिडून कलम उचललं. मोठ्या शहरातली नव्हे, आपल्यासारख्या छोट्या गावातली बाई होती ती. ते पुस्तक पुढे जवळजवळ विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून आणलं म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं.

आणि तिसरा अर्थ कायद्याचा. कायद्यातलं, करारातलं एकेक वाक्य म्हणजे कलम. गंमत बघा, माळीही कलम लावतो आणि पोलीसही कलम लावतात! आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना एकच कलम तोंडपाठ असतं, चारशे अठ्ठ्याण्णव अ. सासरच्या छळाविरुद्धचं हे कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आता तोच गुन्हा ८५ आणि ८६ या कलमांत आहे, पण लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे. “कलम लावलं तिने नवऱ्याला,” असं कुजबुजत म्हणतात, जणू तिनेच गुन्हा केला.

सासरच्या कलमाची अशी चर्चा होते. माहेरच्या कलमाचं मात्र कुणी नावही काढत नाही. ते आहे हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम ६.

मैत्रिणींनो, हे जरा सावकाश वाचा. आपल्या महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. पुढे केंद्राने कायदा बदलला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार झाली. हक्क जसा मुलाइतका, तसं देण्याघेण्याचं ओझंही मुलाइतकंच. “पण त्या तारखेला वडील हयात नव्हते, मग तुला काय मिळणार?” असा वाद बरीच वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो मिटवला. हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एक अट लक्षात ठेवा. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री या कायद्याने मोडता येत नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं निराळं. तिचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावे करू शकतात. पण मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा, आणि हे तर १९५६ पासूनच आहे. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण मुलीचा हक्क त्यांतही आहे.

आता माझी गोष्ट. बाबा २००७ मध्ये गेले. पुढच्या मे महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, आंबे उतरवलेत, चार दिवस ये. आणि येताना दोन फोटो घेऊन ये.” मी गेले. आईने घावन केले, वहिनीने माझ्यासाठी खास मऊ आंबे बाजूला ठेवले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भावंडं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. टंकलेखकाने कागद पुढे केला, भावाने पेन दिलं, बोटानं जागा दाखवली. मी सही केली, अंगठा दिला. परत येताना भावाने उसाचा रस पाजला. जाताना दोन पेट्या हापूस दिले.

कुणीही माझ्यावर जबरदस्ती केली नाही, हे मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माझे भाऊ वाईट नाहीत. मला त्या वेळी जमिनीची गरजही नव्हती. त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित “घ्या तुम्ही” असंच म्हटलं असतं. पण कुणी विचारलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. बी. ए. झालेली बाई मी, मराठी साहित्य घेऊन! त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी त्याची प्रत काढून वाचली. त्यात लिहिलं होतं की मी सर्व मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय सही करत आहे. त्या कागदातलं तेवढंच वाक्य खोटं होतं आणि त्याखाली सही माझी होती.

२०१६ मध्ये भावाने रस्त्याकडची बाग विकली. त्याची अडचण होती, कर्ज होतं, मी त्याला दोष देत नाही. मला ते कळलं चार महिन्यांनी, एका लग्नात, तेही मामेबहिणीकडून. गडग्याजवळचं ताईचं कलम त्याच तुकड्यात होतं. “अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं,” भाऊ म्हणाला. त्याचं खरंच राहून गेलं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव असतं तर मला विचारल्याशिवाय तो व्यवहार पुढे गेला नसता. नाव नव्हतं, म्हणून विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गेल्या जानेवारीत त्या रस्त्याने गेले. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलंय. झाड मोहोराने भरलं होतं. मी बाहेरूनच पाहिलं आणि पुढे निघाले.

तर, त्या मंगळवारी समोर बसलेल्या तिला मी हे सगळं सांगितलं. तिला वाटत होतं, “लग्नात बापानं खर्च केला, तोच माझा वाटा.” कितीतरी बायकांना असंच वाटतं. भावांना तर वाटतंच. “तुला दिली, तू तुटलीस.” मी तिला म्हटलं, कलम तोडून शंभर मैलांवर नेऊन लावलं तरी ते त्याच झाडाचं असतं. फळ तेच, पान तेच, चव तीच. शास्त्र तर म्हणतं की कलम म्हणजे मूळ झाडाचंच दुसरं शरीर. फांदी तुटली म्हणून नातं तुटत नाही. आणि माणसाच्या बाबतीत कायदाही तेच म्हणतो.

“मग सही करू नको म्हणताय?”

“तसं नाही म्हणत. वाटा सोडायचा की घ्यायचा हे तू ठरव. भाऊ शेत कसतोय, आईला सांभाळतोय, तेही धर हिशेबात. पण आधी सातबारा काढून बघ, वारसनोंदीत तुझं नाव लागलंय का. कागद मागून घे आणि घरी आणून वाच. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहज रद्द होत नाही, फसवणूक नाहीतर जबरदस्ती झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.” तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथे वकील फुकट मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हेही सांगितलं. १५१०० हा त्यांचा नंबर तिने पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

ती यात्रेला गेली. पालखी झाली, जेवणं झाली. सकाळी भावाने कागद काढला. सातवी शिकलेली ती, बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. भाऊ म्हणाला, “त्यात काय वाचायचंय? घरचाच कागद हाय.” तिने वाचणं थांबवलं नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं, मला या मिळकतीची गरज नाही. तिने बोट तिथेच ठेवलं आणि म्हणाली, “दादा, मला गरज हाय.”

पुढे जे व्हायचं ते झालं. “बाहेरच्या बायांनी कान भरलं,” असं भाऊ म्हणाला. आई रडली. निघताना कुणी साडी नेसवली नाही, मुलींच्या हातात खाऊचे पैसे पडले नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही, हिला बोलावलंही नाही. ती केंद्रात येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलंत ते खरं, पण माझं माहेर गेलं.” काय बोलणार? त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. हक्काची भाषा आपण बोलतो तेव्हा हा हिशेबही मांडायला हवा. जिचं माहेर जाईल तिलाच ते सोसायचं असतं, सांगणारीला नव्हे.

सातबाऱ्यावर तिचं नाव मात्र राहिलं. वाटणीचं बोलणं अजून चालू आहे. मधे एकदा आईच्या आजारपणात तिने आठ दिवस जाऊन आईचं केलं, तेव्हा भाऊ दोन शब्द बोलला. तेवढंच.

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली, या खेपेला मात्र हसत. म्हणाली, “ताई, काल रात्री वहिनीचा फोन आला हुता.” वहिनी म्हणजे त्याच भावाची बायको. इतके दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. फोनवर तिचा आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत नवरा असणार.

“वन्सं, रागावू नका. एक विचारायचं हुतं. माझ्या भावानं मला परवा बोलावलंय. आधार कार्ड घिऊन ये म्हणतोय. तुम्ही तवा कागद वाचला हुता न्हवं, तो नेमका कुठनं कुठपर्यंत वाचायचा असतो?”